प्रबंधातला कालवा आणि बेंगळुरूची तळी

विद्यापीठाचा वारसा सांगताना आपण देणगीदाराचे नाव, कोनशिला आणि दगडी इमारत यांपाशीच थांबतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेबद्दलही जमशेटजी टाटांनी देऊ केलेली ३० लाखांची मालमत्ता, म्हैसूर संस्थानाची ३७१ एकर जमीन आणि १९०९ हे साल एवढे सांगितले जाते. पण विद्यापीठातले ज्ञान उचलून कामाला लावणारी यंत्रणा बाहेर असेल, तरच त्यातून देश घडतो. जपानने ही यंत्रणा सुरुवातीलाच उभी केली.

१८७३ मध्ये हेन्री डायर या तरुण स्कॉटिश अभियंत्याने टोकियोत ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची घडी बसवली, ते शिक्षण खात्याचे नव्हते. रेल्वे, खाणी, कारखाने सांभाळणाऱ्या खात्याचे होते. सहा वर्षांच्या अभ्यासक्रमातली शेवटची दोन वर्षे प्रत्यक्ष कामावर जात. तिथला विद्यार्थी तानाबे साकुरो याने बिवा सरोवराचे पाणी डोंगर पोखरून क्योतोत आणण्यावर पदवीचा प्रबंध लिहिला. उजवा हात दुखावला म्हणून आराखडे डाव्या हाताने काढले. राजधानी टोकियोला गेल्यापासून क्योतोला उतरती कळा लागली होती. तिथले गव्हर्नर कितागाकी यांनी हे काम या २१ वर्षांच्या पदवीधराकडेच सोपवले. १८९० मध्ये कालवा पुरा झाला, पुढच्याच वर्षी त्या पाण्यावर वीज निघू लागली आणि १८९५ मध्ये शहरात विजेची ट्राम धावली.

जपान स्वतंत्र होता, आपण पारतंत्र्यात होतो, हा आक्षेप खरा आहे. पण अपुरा आहे, कारण पारतंत्र्यातही हे घडले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला जाणारे म्हैसूरचे चंदन पडून राहिले, तेव्हा बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेतल्या सडबरो आणि वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांनी तेल काढण्याची पद्धत बसवली. तेव्हा म्हैसूरचे दिवाण होते पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले आणि १८९८ मध्ये जपान पाहून आलेले विश्वेश्वरय्या. १९१६ मध्ये बेंगळुरूत चंदनतेलाचा कारखाना सुरू झाला. आज न्हाणीघरात दरवळणारी म्हैसूर चंदन साबणाची वडी त्यातूनच आली. दरबाराने शब्द टाकला आणि प्रयोगशाळेने तो झेलला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सरकारी कामांना जुंपले तर मूलभूत संशोधन गुदमरेल. हे भय रास्त आहे, म्हणून कोणता शोध घ्यायचा हे संशोधकानेच ठरवावे. पण तयार निष्कर्ष धूळ खात पडू देणे म्हणजे संशोधनाचे स्वातंत्र्य नव्हे. बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर तलावावर फेस चढत होता, पुढे तलावाने पेटही घेतला. या शहराच्या तळ्यांचा अभ्यास करून विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी सावध केले होते. म्हणजे ज्ञान होते. ते हाती घेणारा कितागाकी नव्हता. महापालिका आणि पाणीपुरवठा मंडळाने दरवर्षी आपले अडलेले प्रश्न अभियांत्रिकी महाविद्यालयांपुढे ठेवावेत, शेवटच्या वर्षाचे प्रकल्प त्यांवरच व्हावेत आणि उत्तम आराखडा करणाऱ्याला त्याच कामावर नेमावे. विकतचे प्रकल्प सादर करून पदवी घेणाऱ्या मुलांमध्येही एखादा तानाबे असेल. त्याला आधी खरा प्रश्न तर द्यायला हवा.