टाळ्या पोहोचल्या का?

संक्रांतीच्या आधीचे तीन दिवस मरीन ड्राइव्हवर हवाई दलाने जे दाखवले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. ‘सूर्यकिरण’ची नऊ हॉक विमाने पंखाला पंख भिडवून गेली, सुखोई पाण्याच्या अंगाने खाली उतरले आणि आबालवृद्धांच्या छातीत एकदमच धडधडले. वैमानिकांना सलाम. आमचे भांडण जमिनीवरच्या माणसाशी आहे. असा सोहळा कुठेही असो, माइक धरून एक निवेदक उभा असतोच, आणि विमान डोक्यावरून जाताक्षणी तो ओरडतो : जोरदार टाळ्या! वैमानिकापर्यंत आवाज गेला पाहिजे!

हा हिशेब एकदाचा करूनच टाकू. विमानाचा वेग धरू ताशी ९०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला अडीचशे मीटर. निवेदकाचे आवाहन कानी पडून, हातातला फोन खिशात टाकून गिरगाव चौपाटीवरचा माणूस पहिली टाळी वाजवेपर्यंत चार सेकंद जातात. विमान किलोमीटरभर पुढे. टाळीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे ती दर सेकंदाला विमानाला जेमतेम नव्वद मीटरने गाठत जाणार. अकरा सेकंदांच्या या पाठलागानंतर ती सुखोईच्या शेपटीला लागेल, तोवर नरिमन पॉइंट मागे पडलेले असेल. पुढे दोन इंजिनांची गर्जना, बंद काचेचे छत आणि हेल्मेट एवढे पार केले, की कौतुक पोचले म्हणायचे! विमान ध्वनीपेक्षा वेगात असते तर बिचारी टाळी अरबी समुद्रावर जन्मभर धावत राहिली असती. शहरावर तसे उडवत नाहीत हे बरे. २०१२ मध्ये ब्राझिलियात एका समारंभात मिराज विमाने इतकी खालून आणि वेगात गेली, की तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या काचा फुटल्या. टाळ्यांची वेगळी गरज उरली नसावी.

खरी हानी निराळीच आहे. समोरून येणारे जेट स्वतःच्या आवाजाच्या जवळजवळ बरोबरीनेच येते. आधी क्षितिजावर ठिपका, मग ठिपक्याला पंख फुटतात, आकार अंगावर येतो, तरी कानाला फारसे काही नाही. आणि ते डोक्यावरून सरकते न सरकते तोच आभाळ फाटते. या दोन-तीन सेकंदांसाठी लोक दोन-दोन तास उन्हात उभे राहतात. नेमक्या त्याच सेकंदांत निवेदक सांगतो, ‘आता आपल्या उजवीकडून...’ या जमातीला रिकामी जागा सोसत नाही. गायकाचा षड्ज लागायच्या आत दोन शेर, लग्नात मंगलाष्टकांच्या मध्ये कोटी, शोकसभेत चारोळी. आभाळ तेवढे सुटले होते.

निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागायतदार या बाबतीत भाग्यवान. ओझरच्या कारखान्यातली विमाने चाचणीसाठी उडतात, तो मान वर करतो, एखादी अस्सल शिवी हासडतो आणि पुन्हा कामाला लागतो. त्याच्याकडे टाळी कोणी मागत नाही.

हवाई दलाला एक नम्र सूचना. सुखोई दोन आसनी आहे. पुढच्या खेपेला मागच्या आसनावर निवेदकाला बसवावे, आणि टाळ्या ऐकू आल्या का ते त्यानेच उतरल्यावर सांगावे. बोलण्याच्या स्थितीत असला तर.