हॅरी लाइमचे खोटे घड्याळ

व्याख्यानमालांतून आणि आता आमच्या युवक मेळाव्यांतूनही एक युक्तिवाद मोठ्या ऐटीत मांडला जातो. बोर्जिया घराण्याच्या अमदानीत इटलीत रक्ताचे पाट वाहिले, पण त्यातून मायकेलॅंजेलो आणि लिओनार्दो मिळाले. स्वित्झर्लंड शतकानुशतके गुण्यागोविंदाने नांदला, आणि त्याने जगाला काय दिले, तर लाकडी पक्षी ओरडणारे कुकू घड्याळ! टाळ्या पडतात. हे बोल कोणाचे, ते मात्र वक्ता सांगत नाही.

ते आहेत एका बालहत्याऱ्याचे. कॅरल रीड यांच्या १९४९ सालच्या ‘द थर्ड मॅन’ या चित्रपटात, महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या व्हिएन्नात, हॅरी लाइम भेसळीचे पेनिसिलीन विकतो. प्राटर बागेतील उंच चक्री पाळण्यात जुन्या मित्राला नेऊन तो खालची माणसे दाखवतो. ते नुसते ठिपके. एखादा ठिपका हलायचा थांबला आणि त्यामागे घसघशीत रक्कम मिळाली, तर वाईट कशाला वाटावे? उंचावर नेऊन जगाचा सौदा मांडणारा आणखी एक जण वाचकांना मत्तयलिखित शुभवर्तमानातून ठाऊक आहेच. आणि याच पाळण्यात लाइम सांगतो की, आपला देवावर व दयेवर अजून विश्वास आहे! पटकथाकार ग्रॅहम ग्रीन १९२६ मध्ये कॅथलिक झाले होते. असला विश्वास त्यांनी बरोबर ओळखला. देवळात गुडघे टेकून गुदामात भेसळ करणारा आम्हांलाही अगदीच अनोळखी नाही.

घड्याळाचे वाक्य मात्र ग्रीन यांचे नव्हे. लाइमची भूमिका करणारे ऑर्सन वेल्स यांनी ते पदरचे घातले. चटकदार खरे, पण खोटे. कुकू घड्याळ जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टचे. ही चूक पुढे स्विस लोकांनीच वेल्स यांच्या नजरेस आणली. बोर्जियांच्या काळी स्विस भाडोत्री सैनिकांचा युरोपभर दरारा होता आणि ते इटलीच्याच रणांगणांवर लढत होते. परमगुरूंचे स्विस रक्षकदल १५०६ सालचे. १५२७ मध्ये रोम लुटले गेले तेव्हा त्यातील १४७ जण मारले गेले. हीच का ती शतकांची शांतता?

युद्धाने कला निपजते म्हणे. लिओनार्दोने मिलानमध्ये एका प्रचंड घोड्याचा मातीचा नमुना सिद्ध केला होता. त्यासाठी जमवलेले कांसे १४९४ मध्ये तोफांसाठी गेले, आणि १४९९ मध्ये शहरात शिरलेल्या फ्रेंचांच्या तिरंदाजांनी त्या घोड्यावर नेमबाजी केली. चेझारे बोर्जियाने १५०२ मध्ये याच कलावंताला चाकरीस ठेवले ते लष्करी अभियंता म्हणून. प्रभूचे अंतिम भोजन त्याने रंगवले ते दोमिनिकन मठाच्या भोजनगृहात. मायकेलॅंजेलोची ‘पिएता’ एका फ्रेंच कार्डिनलने मागवली होती. सहावे अलेक्झांडर हे बोर्जिया परमगुरू ख्रिस्तसभेला लाजिरवाणे ठरले, हे आम्ही झाकत नाही. पण त्यांच्या घराण्याच्या पापांना कलेची जननी कोणी म्हणू नये.

स्विस शांतता आयती मिळालेली नव्हती. १४८१ मध्ये स्टान्स येथे यादवी पेटण्याच्या बेतात असताना रान्फ्टच्या दरीतील एका विरक्ताच्या, संत निकोलस फॉन फ्ल्यूए यांच्या, निरोपाने ती टळली. पुढे १८५९ मध्ये इटलीतच सोल्फेरिनोला रक्ताचा सडा पडला. तो जिनिव्हाच्या आंरी द्यूनाँ यांनी पाहिला आणि १८६३ मध्ये रेड क्रॉस उभी राहिली. हे काय घड्याळ आहे?

लाइमचे नशीब मोठे. १९५१ मध्ये रेडिओ मालिकेत तो मिस्कील साहसवीर झाला. १९५९ मध्ये दूरचित्रवाणीवर तर चक्क संकटे निवारणारा प्रतिष्ठित व्यापारी. पेनिसिलीन विस्मरणात गेले, वाक्य उरले. मुंबईकरांनी तरी विसरू नये. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यावर बसला. २०२२ मध्ये गांबियातील ६० हून अधिक बालकांच्या मृत्यूंचा संबंध भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांशी असू शकतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला.

हे वाक्य ज्यांना मेळाव्यात म्हणायचेच आहे, त्यांनी त्याच चित्रपटातील रुग्णालयाचा प्रसंगही सांगावा. तिथे कॅमेरा एकही बालक दाखवत नाही. दिसतात ती पाहणाऱ्यांची तोंडे, आणि एक परिचारिका खेळण्यातले अस्वल उलटे धरून खोक्यात टाकते.