पाटीवर नव्हे, अर्जात मराठी हवी

खानापूर तालुक्यातील एक शेतकरी गेल्या वर्षी माझ्या कचेरीत आले. प्लास्टिकच्या पिशवीत दुचाकीची कागदपत्रे होती आणि सगळ्यांत वर कन्नडमधील एक पत्र. "वकीलसाहेब, हे काय म्हणतंय तेवढं सांगा," एवढेच त्यांचे म्हणणे होते. पत्र अकरा महिन्यांपूर्वीचे होते. गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली म्हणून त्यांनी एजंटाकडे पैसे आणि कागद सोपवून नूतनीकरणाचा अर्ज केला होता. गाडी घेताना काढलेले पतसंस्थेचे कर्ज केव्हाच फिटले होते. पण नोंदणीवरील कर्जाचा बोजा उतरवायचे राहून गेले होते. तो आधी उतरवा आणि मग अर्ज करा, असे सांगून परिवहन कार्यालयाने अर्ज परत केला होता. सरकारी शिक्का पाहून या गृहस्थांना वाटले, नूतनीकरण झाल्याचाच हा कागद. त्यांनी तो जपून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला आणि अकरा महिने पत्नीला मागे बसवून ते त्याच गाडीवरून बाजाराला जात राहिले.

या अज्ञानाची किंमत किती? मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि पुढे पाच पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत नमुना २५ मध्ये अर्ज करायचा, गाडी तपासणीला न्यायची. एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क १,००० रुपये आहे आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याला ३०० रुपये जादा. म्हणजे अकरा महिन्यांचे ३,३०० रुपये, मूळ शुल्काच्या तिपटीहून अधिक. पैशांचे एक वेळ सोडून देऊ. कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेले वाहन रस्त्यावर आणताच येत नाही. २०१४ साली नरिंदर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेले वाहन चालवणे हा विमा कराराचा मूलभूत भंग ठरवला आणि वाहनमालकाला भरपाई नाकारली. तेथील नोंदणी तात्पुरती होती, हा फरक आहे खरा. पण उद्या अपघात झाला तर विमा कंपनीचा वकील तोच निवाडा पुढे करील, हे मी अनुभवाने सांगतो.

आता प्रश्न आपल्यालाच विचारतो. वाहनाच्या बाबतीत आपण सीमाभागातील माणसे आजवर कशासाठी भांडलो? पाटीसाठी. देवनागरी क्रमांकाच्या पाटीला दंड झाला की आपले रक्त उसळते, निवेदने निघतात, छायाचित्रे छापून येतात. मित्र रुसले तरी लिहितो: त्या दंडात अन्याय नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५० नोंदणी क्रमांकासाठी इंग्रजी अक्षरे आणि आंतरराष्ट्रीय अंक ठरवून देतो. देवनागरी पाटी बेळगावात जितकी बेकायदा, तितकीच कोल्हापुरातही. आणि कन्नड अंकांची पाटीही तशीच बेकायदा. शिवाय उच्च सुरक्षा पाटी आता जुन्या वाहनांनाही सक्तीची झाल्यामुळे तो वाद उरलेलाच नाही. जिथे कायदा आपल्या बाजूने नव्हता तिथे आपण वर्षानुवर्षे शक्ती खर्च केली आणि जिथे तो आपल्या बाजूने उभा राहू शकतो, त्या खिडकीवर एजंटाला पाठवून मोकळे झालो.

नमुना २५ हा नुसता अर्ज नाही. नोंदणी निलंबित वा रद्द झालेली नाही, असे निवेदन मालक त्यात स्वतःच्या सहीने करतो. जे वाचता येत नाही त्याखाली सही करायला लावणे, ही माझ्या मते निवेदनाची थट्टा आहे. एजंट बोट ठेवतो तिथे आपण अंगठा नाही तर सही ठोकतो, एवढाच शिक्षणाचा फरक!

कायद्याचा आधार आहे त्याहून मोठा करून सांगणे हा वकिलाचा अपराध असतो, म्हणून नेमके सांगतो. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणत्याही व्यक्तीला गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे निवेदन देता येते. उत्तरही त्याच भाषेत मिळेल, असे तो अनुच्छेद म्हणत नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने १९५६ मध्ये मान्य केलेल्या संरक्षणांत मात्र महत्त्वाच्या सूचना आणि नियम अल्पसंख्य भाषेत प्रसिद्ध करण्याचे तत्त्व आहे आणि त्यासाठी लोकसंख्येच्या १५ टक्क्यांचे प्रमाण पुढे सर्वत्र धरले गेले. खानापुरात मराठी माणूस १५ टक्के आहे का, असे विचारणेही हास्यास्पद ठरावे. ही संरक्षणे कायद्याच्या कलमांत उतरलेली नाहीत, ती शासनाने दिलेली वचने आहेत, हे मान्य. पण वचनाची आठवण करून देणाराच नसेल, तर ते पाळणार कोण?

"कर्नाटकात राहता, कन्नड शिका," हे उत्तर ठरलेले आहे. जरूर शिकावे. मी शिकलो, माझा व्यवसाय तिच्यावर चालतो आणि ती भाषा मला प्रियही आहे. पण साठीच्या शेतकऱ्याला दंड करायचा तर तो कशासाठी, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगण्याचे ओझे दंड करणाऱ्यावर असते. हाच न्याय मी जत आणि अक्कलकोटच्या कन्नड भाषकांसाठीही मागतो. महाराष्ट्राने त्यांना त्यांच्या भाषेत कळवले नाही, तर तेही तितकेच चूक. आणि सर्वोच्च न्यायालयातील २००४ च्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबा, असे कोणी म्हणू नये. गाव कोणत्याही राज्यात राहो, गाडीची पंधरा वर्षे थांबत नाहीत.

मागणी मोठी नाही. कन्नड पत्राच्या खाली मराठीत दोन ओळी: अर्ज का परत केला, काय आणायचे, किती दिवसांत. त्या शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे मी मराठीत लिहून कार्यालयात दिले. लिपिकाने आधी कागद परत सरकवला, अनुच्छेद ३५० दाखवल्यावर ठेवून घेतला आणि पोच दिली. बोजा उतरला, जादा शुल्क मात्र भरावेच लागले. निवेदनाला उत्तर आले ते कन्नडमधून. त्या उत्तराखाली मराठीत दोन ओळी जोडून मिळाव्यात, असे दुसरे निवेदन मी गेल्या महिन्यात दिले आहे. त्याचीही पोच माझ्याकडे आहे.