मायेचं इंजेक्शन

ऑक्सिटोसिनला ‘लव्ह हार्मोन’ म्हणायची टूम ज्याने काढली, त्याला एकदा परळच्या बाळंतिणींच्या वॉर्डात उभं करायला हवं.

हल्ली आपल्याकडच्या गर्भसंस्कार वर्गांत मंत्रांच्या जोडीला हे रसायन आलंय. माझ्या भाचीला दादरच्या अशाच एका वर्गात सांगितलं, की कळा आल्या की ते मेंदूत पसरतं आणि आईला माया लागते. सिझेरियनमध्ये ते राहून जातं म्हणे! भाचीचं नेमकं सिझेरियन झालं. पुढे दोन महिने पोरगी स्वतःची माया मापत बसली होती.

अहो, ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची एक चिमुकली साखळी. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते. तिची खात्रीची कामं दोन: गर्भाशय आवळणं आणि पान्हा सोडणं. बाळंतपणानंतर रक्तस्राव आवरावा म्हणून वाडियात काय, केईएममध्ये काय, हेच टोचतात. सिझेरियनवालीलाही! बायकांचे जीव वाचतात त्याने. तबेल्यात म्हशीलाही चोरून टोचतात, पण तिच्या प्रेमावर व्याख्यान कुणी देत नाही.

मग हे प्रेम आलं कुठून? बरंचसं प्रेअरी व्होल या अमेरिकेतल्या उंदरासारख्या प्राण्यावरून. तो जोडीने राहतो, आणि त्याच्या मेंदूत सुखाची चटक लावणाऱ्या भागात ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर दाट असतात. २०१४ साली ऱ्हीसस माकडाचा मेंदू तपासला, तर तिथे ते दिसले नाहीत. दिसले ते मुख्यतः नजर आणि लक्ष सांभाळणाऱ्या भागांत. उंदरावरून माकडाचाच अंदाज चुकतो, तिथे बाईचं काय सांगणार? परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेत (आताची एनआयआरआरसीएच) बॉनेट माकडांवर वर्षानुवर्षं काम झालं, ते काय हौस म्हणून? घारापुरीला हातातला खाऊ पळवतात ना, तीच ही माकडं.

बरं, व्होलचंही ऐका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांच्यातला या रिसेप्टरचा जीनच निकामी केला होता. तरी जोड्या जमल्या, आणि काही माद्यांनी पिल्लं पाजून वाढवलीसुद्धा.

वर्गाच्या गुळगुळीत पुस्तिकेत एवढं छापायला अर्धं पान पुरे.