रानपिंगळा आणि पहाडी मैना

दिवाळीच्या दिवसांत रायपूरच्या गोल बाजारात पूजेचे साहित्य घेताना लक्ष्मीच्या एखाद्या तसबिरीत तिचे वाहन असलेले घुबड आपल्या दृष्टीस पडते. तसबिरीतील घुबडाला आपण हात जोडतो. तेच दाराजवळच्या झाडावर ओरडले, तर अशुभ म्हणून हाकलतो. मैनेवर मात्र आपले प्रेम. आणि त्या प्रेमापायीच तिच्या नशिबी पिंजरा येतो. छत्तीसगडशी नाते असलेल्या अशा दोन पक्ष्यांची आज ओळख करून घेऊ.

रानपिंगळा हे वीतभर उंचीचे लहान घुबड. 1872 च्या डिसेंबरात रायपूरच्या पूर्वेस फुलझरच्या परिसरात ते शास्त्रज्ञांना प्रथम मिळाले आणि पुढील वर्षी ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. 1884 नंतर त्याचा विश्वसनीय मागमूस लागेना. पक्षी नामशेष झाला, असे अनेकांना वाटू लागले. अखेर 113 वर्षांनी, 1997 च्या नोव्हेंबरात, खानदेशात शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. शिवाय हा दिवसाही शिकार करतो. सरडे, उंदीर, कीटक हे त्याचे भक्ष्य.

पहाडी मैना हा छत्तीसगडचा राज्यपक्षी. तकतकीत काळा रंग, नारिंगी चोच, मानेवर पिवळी झालर. बस्तरच्या कांगेर खोऱ्यातील अरण्य हे तिचे घर आणि रानफळे हा तिचा मुख्य आहार. खाल्लेल्या फळांच्या बिया ती दूरवर पसरवते.

दोघांतील मोठा भेद आवाजाचा. घुबडाची हाक उपजत असते. ती त्याला कोणी शिकवावी लागत नाही. मैना शेजारच्या मैनांचे बोल ऐकून आपले बोल घडवते. पिंजऱ्यात तिला मैनांची सोबत नसते, म्हणून ती माणसाचे शब्द उचलते. आपण ज्याचे कौतुक करतो, ते तिच्या एकटेपणाचे बोलणे असते!

एका बाबतीत मात्र दोघे सारखेच. दोघांचीही घरटी झाडांच्या ढोलीत असतात आणि ढोली कोरणे दोघांनाही साधत नाही. जुना वृक्ष पडला, की दोघेही बेघर होतात.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांनाही पकडणे वा विकणे हा गुन्हा ठरवला आहे. परंतु कायद्याला घराघरांतून साथ हवी. घुबडाच्या हाकेला अपशकुन मानू नका, मैना विकत घेऊ नका आणि पोकळ झालेले जुने झाड निरुपयोगी समजून तोडू नका.