हरणाऱ्याचा वाटा

द्यूतगृह आणि द्यूतकार यांचे नाते आजवर उघड वैराचे होते. एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा नफा. क्रिप्टो कॅसिनोंनी स्वतःची टोकन्स काढून हे वैरच धूसर केले आहे. रोलबिट या कॅसिनोने २०२३ साली जाहीर केले, की कॅसिनोच्या महसुलातील १० टक्के, क्रीडासट्ट्याच्या २० टक्के आणि क्रिप्टो फ्यूचर्सच्या ३० टक्के रकमेतून आरएलबी हे आपले टोकन बाजारातून विकत घेऊन 'जाळले' जाईल. जाळणे म्हणजे कायमचे चलनाबाहेर काढणे. उरलेल्या टोकनांचा भाव वाढेल, ही त्यामागची आशा. (क्रियापद मात्र यज्ञाची आठवण व्हावी असे निवडले आहे!) शफल या कॅसिनोने २०२४ साली टोकन आणले, तेव्हा खेळाडूंनी पणाला लावलेल्या रकमेनुसार ते फुकट वाटले.

आता हा महसूल कोणाचा? खेळणाऱ्यांनी गमावलेला. म्हणजे टोकनधारक खेळाडू ज्या आगीकडे आशेने पाहतो, तिचे सरपण त्याच्याच खिशातले असते. युधिष्ठिराने सर्वस्व गमावले खरे, पण शकुनीच्या विजयात तुझाही वाटा आहे, असे त्याला कोणी पटवले नव्हते. इथे हरतानाही तो दिलासा मिळतो. त्याहून वाईट म्हणजे शेजारच्याचे हरणे हितावह वाटू लागते आणि नवे खेळाडू ओढून आणणारा बिनपगारी प्रचारक आपोआप तयार होतो. भाषा भागीदारीची, मात्र टोकन म्हणजे समभाग नव्हे. किती जाळायचे, हे कॅसिनोच ठरवतो.