चिठ्ठ्या मोजून काय कळणार?



ऊस विकास खात्याने आरोग्यावर लिहावे, हे काहींना खटकेल. पण आरोग्य शिबिराचा अहवाल आला की आम्ही तेच ते वाचतो. इतक्यांना साखर निघाली, इतक्यांना रक्तदाब, सर्वांना 'रोज चाला' अशी चिठ्ठी दिली. पुढे चालले किती? तिथे अहवाल संपतो.

हे दुखणे आमच्याही घरचे. ठिबकची प्रात्यक्षिके किती घेतली ते आम्ही वर्षानुवर्षे कळवत आलो. शेजारचा साधा प्लॉट एकरी किती टन पडला, असे कुणी विचारले की मात्र मान खाली.

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये डॉक्टर चिठ्ठी देऊन रुग्णाला व्यायामाला धाडतात. १६ आठवडे, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. सरकारने २००७ साली ही योजना उभी करतानाच तिची परीक्षा लावली. २१६० माणसे घेतली, सोडत काढून निम्मी योजनेत घातली, बाकीच्यांना नेहमीचे उपचार आणि माहितीपत्रक. (ही सोडत मूळची आपल्या शेतीतली बरं का! रोथॅमस्टेडच्या प्रक्षेत्रावर फिशरसाहेबांनी १९२० च्या दशकात ती रुजवली.) वर्षाने दोन्ही गटांना गाठून विचारले. हृदयविकाराच्या धोक्यापायी आलेल्यांची हालचाल दुसऱ्या गटापेक्षा वाढली होती. मनाच्या त्रासासाठी आलेल्यांची वाढली नव्हती, पण त्यांची उदासी आणि काळजी कमी झाली होती. नुसत्या चिठ्ठ्या मोजून हे कळले असते का? न्यूझीलंडमध्ये तर बायकांचे चालणे वाढले, तसे पडणे-लागणेही वाढले. ते २००८ साली त्यांनी छापले, लपवले नाही.

'शेतकऱ्याला कसला आलाय व्यायाम?' असे सभासद म्हणतात. राबणाऱ्याला ते शोभते. आपण बांधापर्यंत मोटारसायकल नेतो आणि पाणी बटणावर सोडतो.

आमचे मत असे, की पुढच्या शिबिरात चिठ्ठी मिळालेल्यांची गटवार सोडत काढावी. निम्म्यांचे चालण्याचे वर्ग लगेच, निम्म्यांचे वर्षाने. ज्याला थांबणे धोक्याचे, त्याला डॉक्टरांनी सोडतीबाहेर ठेवावे. तीन महिन्यांनी आणि वर्षाने चिटबॉयने दोन्हीकडे जाऊन विचारावे; कोण चालतो, कोण सुटला, कुणाचा गुडघा धरला. खर्च एका वहीचा.

सोडतीत आमचेही नाव घाला. गेल्या शिबिरात मिळालेली चिठ्ठी अजून खिशातच आहे.